तैनाती फौजेचा हिशेब

अफगाणिस्तानातील बग्रामचा विमानतळ आपणांस परत हवा, तो न मिळाल्यास परिणाम वाईट होतील, असा इशारा अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये दिला. जो तळ अमेरिकेच्या सैन्याने जुलै २०२१ मध्ये रात्रीच्या अंधारात सोडला, तोच चार वर्षांनी असा धमकावून मागण्यात आला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, मॉस्को येथे अफगाण प्रश्नावर बैठक भरली. अफगाणिस्तानात अथवा त्याच्या शेजारी राष्ट्रांत परकीयांनी लष्करी सोयी उभारणे अमान्य आहे, असे निवेदन त्या बैठकीतून निघाले आणि रशिया, चीन, इराण व पाकिस्तान यांच्या बरोबरीने भारतानेही त्यास संमती दिली. भारत आणि पाकिस्तान यांचे एकाच निवेदनावर एकमत व्हावे, हा योग दुर्मीळच म्हटला पाहिजे. त्याहून मौजेची गोष्ट अशी की, ह्या निवेदनात पुढाकार घेणाऱ्या रशियाचा स्वतःचा मोठा लष्करी तळ अफगाणिस्तानच्या शेजारीच, ताजिकिस्तानात, आहे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण बड्या राष्ट्रांना पाहूनच सुचली असावी!

नांदेड, लातूर, नायगाव ह्या आमच्या भागातील वाचक येथे सहज विचारील की, बग्राम कोठे आणि आम्ही कोठे? सोयाबीनच्या भावाची आणि पावसाच्या लहरीपणाची चिंता वाहणाऱ्या माणसाने परमुलखातील विमानतळांची उठाठेव कशासाठी करावी? प्रश्न रास्त आहे. परंतु परकीय फौजेचा तळ आपल्या दारात असणे म्हणजे काय, ह्याचा जेवढा प्रदीर्घ अनुभव ह्या भूमीने घेतला आहे तेवढा फार थोड्या प्रदेशांनी घेतला असेल. नायगावावरून जाणारा महामार्ग एका दिशेस नरसी, देगलूर ओलांडून हैदराबादेकडे जातो आणि दुसऱ्या दिशेस नांदेडवरून हिंगोलीस पोहोचतो. ह्या मार्गाच्या दोन्ही टोकांना एके काळी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील छावण्या होत्या. तिकडे हैदराबादेच्या वेशीवर सिकंदराबाद व बोलारम, इकडे हिंगोली. शिवाय जालना, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) आणि मोमिनाबाद, म्हणजे आपले अंबाजोगाई, ही ठाणी वेगळीच. हिंगोलीत आजही रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा ही मोहल्ल्यांची नावे लोकांच्या तोंडी आहेत. घोडदळ गेले, तोफा गेल्या, पेन्शन घेणारे शिपाईही कालवश झाले. नावे मात्र मागे राहिली. ही नावे आम्ही इतक्या सहजपणे उच्चारतो की, ती फौज कोणाची होती, येथे कशी आली आणि तिचा खर्च कोणी भरला, हे प्रश्न आमच्या मनात उठतच नाहीत. ते आज उठावेत अशी आमची इच्छा आहे.

ही फौज तलवारीच्या बळावर येथे घुसली नव्हती, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. तिला रीतसर आमंत्रण होते, आणि त्या आमंत्रणास कारणीभूत झालो ते आपणच. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या मैदानावर मराठ्यांनी निजाम अली खानाचा दारुण पराभव केला. तीन कोटी रुपयांची मागणी, शिवाय मुलूख आणि दौलताबादेचा किल्ला, अशा कडक अटी त्याच्यावर लादण्यात आल्या. त्याचा दिवाण ओलीस म्हणून पुण्यास आणण्यात आला. पुण्यात विजयोत्सव झाला आणि तो होणे स्वाभाविकही होते. परंतु खर्ड्याच्या वेळी तटस्थ राहिलेल्या इंग्रजांनी ह्या विजयाचा अर्थ आपल्या पूर्वजांपेक्षा अधिक चांगला ओळखला. भयभीत शेजाऱ्याला संरक्षक हवा असतो. निजामाने प्रथम रेमाँ ह्या फ्रेंच सरदाराच्या कवायती पलटणींवर भिस्त ठेवली. १७९८ साली लॉर्ड वेलस्ली गव्हर्नर जनरल होऊन आला आणि त्याने आपली सेवा पुढे केली. १ सप्टेंबर १७९८ चा तह झाला; कंपनीचे सहा हजार शिपाई हैदराबादेत कायमचे ठेवण्याचे ठरले; त्यांच्या खर्चापोटी सालिना २४,१७,१०० रुपये निजामाने द्यावेत असेही ठरले. ऑक्टोबरात फ्रेंचांच्या पलटणी रक्ताचा थेंब न सांडता निःशस्त्र करण्यात आल्या. एका परकीयाच्या जागी दुसरा परकीय आला, एवढाच काय तो निजामाचा लाभ!

पुढे जे घडले ते चंचुप्रवेशानंतर मुसळप्रवेश कसा होतो ह्याचे उत्तम उदाहरण आहे. १८०० सालच्या तहाने फौज वाढली आणि तिच्या रोख खर्चाऐवजी टिपूशी झालेल्या युद्धांतून निजामास मिळालेला बल्लारी, कडप्पाकडील सारा मुलूख कंपनीला कायमचा तोडून द्यावा लागला. कंपनीच्या संमतीवाचून अन्य कोणाही सत्तेशी बोलणे लावू नये, अशी अटही त्यात आली. दोनच वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, खर्ड्याच्या विजेत्यांच्या गादीवर बसलेल्या दुसऱ्या बाजीरावाने वसईस हाच फास आपल्या गळ्यात अडकवून घेतला. होळकरांच्या भीतीने त्याने सहा हजारांची तैनाती फौज स्वीकारली आणि तिच्यासाठी सव्वीस लाखांच्या वसुलाचा मुलूख दिला. नाना फडणविसांनी हयात असेपर्यंत वेलस्लीचा हा घास पुण्याच्या दरबारास शिवू दिला नव्हता. त्यांना जाऊन तीन वर्षेही झाली नव्हती. सोळा वर्षांत पेशवाई संपली. निजामाची गादी टिकली, परंतु ती कशी टिकली हेही पाहण्यासारखे आहे.

१८०० च्या तहाने निजामाने युद्धप्रसंगी आपली काही फौज कंपनीच्या मदतीस द्यावी असे ठरले होते. ती फौज कवायतीत कच्ची आहे ह्या सबबीखाली रेसिडेंट हेन्री रसेल याने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली नवी पलटणे उभी केली. हीच पुढे ‘कंटिंजंट’ म्हणून ओळखली गेली आणि तिचीच ठाणी मराठवाड्यात पसरली. पगार निजामाचा, हुकूम इंग्रजांचा. तैनाती फौजेसाठी मुलूख देऊन झाल्यावर ही दुसरी फौज निजामाच्या माथी बसली आणि तिचा खर्च वर्षाला सुमारे चाळीस लाखांच्या घरात गेला. तो भागवण्यासाठी दिवाण चंदूलाल याने पामर आणि कंपनी ह्या पेढीकडून शेकडा चोवीस-पंचवीस व्याजाने कर्जे काढली. पामरचे देणे फेडण्यासाठी उत्तर सरकारच्या पेशकशीचे वर्षाकाठी येणारे सात लाख रुपये निजामाला कायमचे सोडावे लागले. सावकाराचे देणे आणि फौजेचा पगार ह्यांचा भार अखेर कोणाच्या पाठीवर पडला असेल हे सांगण्यास इतिहासकाराची गरज नाही. ज्या मुलखातून सारा वसूल होत होता त्यात नांदेड होते, बिलोली होती, देगलूर होते. आपल्याच गावाजवळच्या परक्या छावणीचा पगार रयत आपल्या घामातून देत होती आणि त्या छावणीला ‘संरक्षण’ असे नाव होते.

अखेर बिल थकले. थकबाकी पन्नास लाखांच्या आसपास पोहोचली. शांततेच्या काळात ही फौज बाळगण्याचे बंधन १८०० च्या तहाने निजामावर नव्हते, हे खुद्द लॉर्ड डलहौसीनेही मान्य केले होते. तथापि, मान्य करणे वेगळे आणि सोडून देणे वेगळे. मे १८५३ मध्ये निजाम नासिर-उद्-दौला याच्याकडून नवा तह करून घेण्यात आला आणि फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रांत इंग्रजांच्या हवाली झाले. १८५७ मध्ये इंग्रजांना मदत केल्याबद्दल १८६० साली कर्ज माफ झाले, धाराशिव व रायचूर परत मिळाले; वऱ्हाड मात्र मिळाले नाही. सालारजंगाने उभा जन्म त्यासाठी अर्जविनंत्या केल्या. १९०२ साली लॉर्ड कर्झनने तो प्रश्न वर्षाला पंचवीस लाखांच्या कायमच्या पट्ट्याने मिटवला. म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा हा सारा समृद्ध मुलूख एका फौजेच्या बिलापोटी गेला. एकाच राज्यातील वऱ्हाड आणि मराठवाडा हे दोन मराठी प्रदेश १८५३ मध्ये परस्परांपासून तुटले, ते एका राज्यात पुन्हा आले १९५६ मध्ये. एकशेतीन वर्षांची ही ताटातूट परकीय लष्करी तळाचे भाडे म्हणून आपण मोजली आहे.

आणि ज्यांनी त्या फौजेत चाकरी केली त्यांचे काय? जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या छावणीतील घोडदळाने दिल्लीकडे आपल्याच बांधवांवर चालून जाण्याच्या शंकेने बंडाचा पवित्रा घेतला, तेव्हा पुण्याकडून आलेल्या गोऱ्या सेनापतीने तो मोडून काढला आणि अनेकांना देहान्त शासन दिले. ज्या भूमीच्या पैशावर ती फौज पोसली जात होती, त्या भूमीच्या बाजूने उभे राहण्याची मुभा तिला नव्हती.

आजचे लष्करी तळ म्हणजे हुबेहूब तैनाती फौज, असे म्हणण्याइतका भाबडेपणा आम्ही करणार नाही. काळ बदलला आहे. जपान, दक्षिण कोरिया, जर्मनी ही लोकशाही राष्ट्रे आहेत. तेथील लोकनियुक्त सरकारांनी अमेरिकेच्या फौजा ठेवून घेतल्या आहेत आणि त्या छायेत त्यांनी अपूर्व समृद्धी मिळवली आहे, हे नाकारता येत नाही. परंतु जुन्या हिशेबाच्या काही रकमा नव्या वहीतही दिसतात. अमेरिकेचे देशाबाहेरील तळ अभ्यासकांच्या अंदाजाने सुमारे ७५०, आणि ते ऐंशीच्या आसपास देश-प्रदेशांत पसरलेले. जपानच्या एकूण भूमीपैकी ओकिनावाचा वाटा एक टक्काही नाही. परंतु केवळ अमेरिकी सैन्यासाठी राखलेल्या जपानी जमिनीपैकी सुमारे सत्तर टक्के जमीन त्या एका लहान प्रांतात आहे. दक्षिण कोरियाने आपल्या भूमीवरील अमेरिकी सैन्याच्या खर्चापोटी २०२६ साठी दीड लाख कोटी वॉनहून अधिक रक्कम देण्याचे २०२४ मध्ये मान्य केले. यजमानाने पाहुण्याला भाडे द्यावे, ही रीत वेलस्लीच्या काळापासून फारशी बदललेली नाही.

जेथे यजमान दुबळा आहे तेथे तर भाड्याचाही प्रश्न उरत नाही. दिएगो गार्सिया हे बेट कन्याकुमारीपासून सुमारे अठराशे किलोमीटरवर आहे. मॉरिशसला स्वातंत्र्य देण्यापूर्वीच, १९६५ साली, ब्रिटनने चागोस द्वीपसमूह त्यापासून तोडला आणि १९६६ च्या कराराने दिएगो गार्सिया अमेरिकेच्या लष्करास दिले. १९६८ ते १९७३ ह्या काळात तेथील दीड-दोन हजार रहिवाशांना घरादारासह उठवून मॉरिशस व सेशेल्सच्या किनाऱ्यांवर नेऊन टाकण्यात आले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये ही विभागणी बेकायदेशीर ठरवली. त्याच वर्षी मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ राष्ट्रांनी ब्रिटनविरुद्ध मत दिले, ब्रिटनच्या बाजूने उरली अवघी सहा. मे २०२५ मध्ये ब्रिटनने मॉरिशसचे सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या करारावर सही केली. परंतु दिएगो गार्सिया नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने आपल्याकडेच ठेवण्याची तजवीज त्यात आहे. हिंदी महासागर शांततेचे क्षेत्र असावे असा ठराव श्रीलंकेच्या पुढाकाराने आमसभेने डिसेंबर १९७१ मध्ये केला होता. त्या महासागराच्या तोंडाशी, जिबूती ह्या चिमुकल्या देशात, आज फ्रान्स, अमेरिका, जपान, इटली आणि २०१७ पासून चीन, इतक्या राष्ट्रांचे तळ शेजारी शेजारी नांदत आहेत.

मग लहान राष्ट्रांनी तळ नाकारावेत, असे म्हणून मोकळे व्हावे काय? येथे फिलिपिन्सची कथा आपल्याला थांबवते. १६ सप्टेंबर १९९१ रोजी त्या देशाच्या सिनेटने बारा विरुद्ध अकरा मतांनी अमेरिकेच्या तळांचा करार फेटाळला आणि पुढच्या वर्षी सुबिकच्या उपसागरातून अमेरिकेचे आरमार निघून गेले. साऱ्या आशियाला अभिमान वाटावा असा तो दिवस होता. परंतु १९९५ मध्ये चीनने फिलिपिन्सजवळच्या मिसचीफ खडकावर कब्जा केला, आणि पुढे दक्षिण चिनी समुद्रात त्याची दांडगाई वाढतच गेली. त्याच फिलिपिन्सने २०१४ साली नव्या कराराने अमेरिकेला पुन्हा दार उघडले आणि २०२३ मध्ये अशा ठिकाणांची संख्या नऊवर नेली. ह्यात मनिलाच्या राज्यकर्त्यांना दोष देणे सोपे आहे. ज्याच्या अंगणात बलाढ्य शेजारी काठी घेऊन उभा आहे, तो दूरच्या दांडग्याला हाक मारणारच. खर्ड्यानंतर निजामाने तेच केले. होळकरांच्या भयाने बाजीरावाने तेच केले.

आम्हांस ह्या साऱ्या इतिहासाचे सार येथेच दिसते. परकीय तळाचा पाया दूरच्या महासत्तेच्या लोभाने जेवढा घातला जातो, तेवढाच जवळच्या शेजाऱ्याच्या दरडावणीने घातला जातो. आणि हे सत्य आज चीनला सुनावताना आपण आपल्या आरशातही पाहिले पाहिजे. कारण ह्या उपखंडात आणि ह्या महासागरात खर्ड्याच्या विजेत्याची जागा आज भारताची आहे. आपल्या शेजारची राष्ट्रे आपल्यापेक्षा आकाराने व बळाने कितीतरी लहान आहेत. हंबनटोटाचे बंदर श्रीलंकेने २०१७ साली चिनी कंपनीस नव्व्याण्णव वर्षांसाठी दिले तेव्हा, आणि २०२२ मध्ये चीनचे टेहळणी जहाज तेथे नांगरले तेव्हा, आपल्याकडे संतापाची लाट उसळली. तो संताप अनाठायी नव्हता. परंतु आपले शेजारी दूरच्याचा हात का धरतात, हा प्रश्न त्या लाटेत वाहून जाऊ नये.

आपण स्वतःही आता देशाबाहेर लष्करी उपयोगाच्या सोयी उभारीत आहोत. मॉरिशसच्या अगालेगा बेटावर भारताच्या पैशातून बांधलेल्या धावपट्टीचे व धक्क्याचे उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. तो लष्करी तळ नाही, असे दोन्ही सरकारे सांगतात. ते खरे मानण्यास आमची हरकत नाही. परंतु त्या बेटावरील तीनशेच्या आसपास माणसांना चागोसची कथा पाठ आहे, आणि त्यांच्या मनातली धास्ती निव्वळ खुलाशांनी जाणार नाही. सेशेल्सच्या अझम्प्शन बेटाचा करार २०१८ मध्ये तेथील जनतेच्या विरोधामुळे पुढे सरकला नाही. ताजिकिस्तानातील ऐनीच्या विमानतळाचे भारताचे काम २०२२ मध्येच आटोपले होते. आपल्या नागरिकांना त्याची स्पष्ट वार्ता मिळाली ती २०२५ मध्ये. परदेशात आपला पैसा व आपले जवान कोठे, कशासाठी व किती काळ आहेत, हे लोकशाही राष्ट्राच्या नागरिकांनी तीन वर्षांनी वर्तमानपत्रांतून कळून घ्यावे, ही स्थिती शोभादायक नाही.

मात्र एका प्रसंगाचा उल्लेख अभिमानाने केला पाहिजे. मालदीवच्या नव्या अध्यक्षांनी भारतीय सैनिकांना परत जाण्यास सांगितले, तेव्हा भारताने मे २०२४ पर्यंत आपले सर्व सैनिक माघारी आणले आणि विमाने चालवण्यासाठी तेथे मुलकी तंत्रज्ञ पाठवले. काहींना ती नामुष्की वाटली. आम्हांस ती सभ्यता वाटते, आणि तिचे फळही मिळाले. जुलै २०२५ मध्ये त्याच अध्यक्षांनी आपल्या राष्ट्राच्या साठाव्या स्वातंत्र्यदिनास भारताच्या पंतप्रधानांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावले. ‘जा’ म्हटल्यावर जाणारा पाहुणाच पुन्हा बोलावला जातो. वेलस्लीची फौज निजामाने सांगून गेली नसती. बग्राम मागणाऱ्यांचा रोखही तोच आहे.

म्हणून दिल्लीच्या सरकारकडे आमची मागणी साधी आहे. परदेशात लष्करी उपयोगाची कोणतीही सोय उभारण्यापूर्वी तिची मुदत, तिचा खर्च व तेथील यजमानाचे अधिकार संसदेपुढे ठेवावेत. गुप्ततेची गरज असेल ती शस्त्रांच्या तपशिलापुरती असावी, कराराच्या अस्तित्वापुरती नसावी. यजमान राष्ट्राच्या संसदेची संमती असल्याखेरीज तेथे कुदळ मारू नये. आणि यजमानाने निरोप दिला की निघून येण्याचे कलम करारात स्पष्ट शब्दांत असावे. इक्वेडोरच्या सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये परकीय तळांना पुन्हा परवानगी द्यावी काय, असे जनतेलाच विचारले. सुमारे साठ टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटले आणि सरकारला ते मुकाट्याने मान्य करावे लागले. लोकांना विचारल्याने राष्ट्र दुबळे होत नाही.

राहता राहिला शेजाऱ्यांच्या भयाचा प्रश्न. त्यावर कोणताही करार पुरा पडणार नाही. काठमांडूचे इंधन अडणे, कोलंबोचे राजकारण, ढाक्याचे पाणी, ह्या प्रत्येक प्रसंगी आपण बलवान म्हणून वागतो की शेजारी म्हणून, ह्यावर हिंदी महासागरात उद्या कोणाच्या छावण्या उभ्या राहतील हे ठरणार आहे. खर्ड्याच्या विजयोत्सवात पुण्याला हा विचार सुचला नाही. त्याची किंमत पुण्याने दिली, हैदराबादेने दिली आणि ह्या दोहोंच्या मधल्या मराठवाड्याने सर्वांत अधिक काळ दिली.

नायगावाहून हिंगोलीस जाणाऱ्या वाचकाने कधी रिसाला बाजारातून जाताना क्षणभर थांबावे. तेथे एक परकी फौज आमच्या पैशाने राहत होती, आणि ती आपल्या राजाने बोलावली होती. तिला जा म्हणण्यास आपल्याला दीडशे वर्षे लागली.